उसनी जीभ

अक्काला किडनी द्यायला म्हणून मी दवाखान्यात गेले आणि स्वतःचीच किडनी सांभाळायचं काम गळ्यात घेऊन परत आले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मंद्रूपला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात आणि आठवड्यातून दोनदा ती एसटीनं सोलापूरला डायलिसिसला येते. तिला मूलबाळ नाही. दाजींना साखर, त्यामुळे देणाऱ्यांतून ते बाद. राहिले मी. मला यात फार विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. देवानं दोन दिल्यात, एक तिची, असा साधा हिशेब. घरात सांगितलं तेव्हा आमचे मालक म्हणाले, ‘‘तू ठरवलंयस म्हंजे झालंच की.’’ त्यांना माझा स्वभाव माहीत आहे.

तपासणीला नर्सनं हाताला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला. मग डॉक्टर मॅडमनी स्वतः मोजला. ‘‘तुम्हाला बीपी कधीपासून आहे?’’ मी म्हटलं, ‘‘मला न्हाय बीपी.’’ मी खरंच सांगत होते. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, पहाटे उठून पोतंभर शेंगदाणे भाजत होते. बीपी असलेली माणसं धापा टाकतात अशी माझी समजूत. पुढं आणखी दोन-तीनदा बोलावून मोजला, लघवी तपासली. लघवीतून प्रथिनं जात होती. मॅडम म्हणाल्या, ‘‘तुमची किडनी आम्हाला घेता येणार नाही. ती आता तुम्हालाच पुरवून पुरवून वापरायची आहे. आज सांभाळलीत तर खूप वर्षं साथ देईल. नाही सांभाळलीत, तर ताईंच्या शेजारची खाट तुमची.’’

मला भीती वाटायच्या आधी राग आला. वाण्यानं माल परत करावा तसं वाटलं. आईसुद्धा शेवटी शेवटी तोंड सुजून गेली होती आणि तेव्हा कुणी काही तपासलं नव्हतं, हे मला घरी येताना रिक्षात आठवलं. मग मात्र भ्याले आणि पिशवीतली बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी काढून दोनदा वाचली.

अक्काला सांगायचं जिवावर आलं होतं. ती खाटेवर पडली होती आणि हाताच्या नळ्यांमधून तिचं रक्त यंत्रात जात होतं. ऐकून ती म्हणाली, ‘‘बरं झालं.’’

‘‘काय बरं झालं?’’

‘‘माझ्यामुळं तपासलीस की. न्हायतर तुला तरी कुटं कळणार होतं.’’ मग तिनं मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं. ‘‘मला बी दाबाची गोळी दिलती. बरं वाटतंय म्हणून मी सोडली. गुडघं दुकायचं म्हणून मेडिकलमधनं कसल्या कसल्या गोळ्या आणून खाल्ल्या, कुणाला न विचारता. तू गोळी सोडलीस तर माझ्याशी बोलू नको.’’

तेव्हापासून तिची सवयच झाली. मी भेटले की नमस्कार-चमत्कार नाही, ‘कशी हायस’ नाही, थेट ‘‘तुझा किती?’’ मी घरच्या बीपीच्या यंत्रावर सकाळी मोजलेला आकडा सांगायचा. तो ऐकल्याशिवाय ती डोळे मिटत नाही.

आता माझ्या धंद्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी शेंगाचटणी करते आणि तिच्या जोडीला कडक भाकरी. नवी पेठेतल्या एका दुकानात माझा माल जातो. चटणीत मिरची, लसूण, जिरं, मीठ आणि भाजलेले दाणे, एवढंच असतं, त्यामुळे लपायला जागा नाही. मीठ लसूण-तिखटाबरोबर सुरुवातीलाच पडावं लागतं. दाण्याला तेल सुटल्यावर वरून घातलं की ते मुरत नाही, दाताखाली येतं. म्हणून पहिल्या कुटण्यातच चिमूटभर जिभेवर ठेवून ठरवायचं. माझ्याकडे वजनकाटा होता, पण तो पाकिटं भरायला. मिठाला माझी जीभ होती. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘‘ह्या मावशींची चटणी कधी बी घ्या, एकच चव.’’ हे ऐकायला मला फार आवडायचं. सुनेला मी सगळं शिकवलं, पण मिठाला हात लावू दिला नाही. ती बार्शीची. पोर कामाला चांगली, पण हिला मिठातलं काय कळतंय, असं मी चारचौघांत म्हणायचे.

मॅडमनी विचारलं होतं, दिवसभरात काय काय खाता? मी सांगत गेले आणि त्या कागदावर एकेक खूण करत गेल्या. सकाळी कडक भाकरी-चटणी, दुपारी भाजी, लोणचं, पापड, मीठ घातलेलं ताक, आणि चटणीच्या घाण्यागणिक, म्हणजे दर कुटण्याला, चाखणं. ‘‘गोळी एकीकडून दाब खाली ओढणार आणि तुम्ही दुसरीकडून वर ढकलणार,’’ त्या म्हणाल्या. ते मला पटलं. मला काम नीट समजावून सांगितलं की मी ते करते.

घरी आल्या आल्या लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. पापडाचा डबा माळ्यावर गेला. माझी भाजी मीठ पडायच्या आधी वाटीत काढून घ्यायची, त्यात लिंबू पिळायचं, लसूण जास्त, वर कोथिंबीर. मालकांनी कौतुकानं कुठलंसं महागाचं मीठ आणलं, हे बीपीवाल्यांचं म्हणून. मी ते पिशवीत घालून मॅडमना दाखवायला नेलं. त्यांनी पाकीट उलटं करून वाचलं आणि म्हणाल्या, यात पोटॅशियम आहे, किडनीच्या माणसानं विचारल्याशिवाय हे अजिबात घ्यायचं नाही. आणलं तेव्हा मालकांची मान वर होती, आता खाली गेली. मी म्हटलं, राहू द्या, निदान विचारून तरी घेतलं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू. घास तोंडात फिरत राहायचा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी चटणीच्या डब्याकडे मांजरासारखी बघत बसायचे. एकदा चिडून ताट सरकवलं आणि दहा मिनिटांनी परत ओढून घेतलं, कारण उपाशी राहून गोळी घेऊन चालणार नव्हतं. हट्ट करायचाच तर तो जिभेवर करू, पोटावर कशाला, असं ठरवलं. आणि मग हळूहळू एक गंमत झाली. ज्वारीची भाकरी गोड लागायला लागली. नुसती भाकरी. पन्नाशी उलटलेली मी, उभा जन्म ज्वारी खाल्ली आणि ती गोड असते हे मला आता कळत होतं. एका लग्नात आमटी तोंडात घातली तर समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं झालं. मी खूश झाले. जीभ सुधारली म्हटलं.

ती सुधारणा मला भलत्याच ठिकाणी भोवली.

संक्रांतीच्या तोंडावर सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. बाहेरगावची माणसं येतात, जाताना चटणी घेऊन जातात. वर्षातली सगळ्यात मोठी मागणी याच दिवसांत. आम्ही सगळे कामाला जुंपलो होतो आणि दुकानदाराचा फोन आला. ‘‘मावशी, राग मानू नका. चटणी अळणी लागतीया. तीन गिऱ्हाइकं परत आली.’’

मी तडक डबा उघडला आणि चाखलं. मीठ बरोबर होतं. माझ्या मते काकणभर जास्तच. सुनेकडे बघितलं तर तिनं मान खाली घातली. मालकांना हाक मारली, त्यांच्या हातावर चटणी ठेवली. ‘‘बरी हाय की,’’ ते म्हणाले.

‘‘नीट सांगा.’’

‘‘थोडी... अळणी हाय.’’

‘‘आजच?’’

ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. ‘‘दिवाळीपासनं हाय. तुझं पथ्य चाललंय, त्यात हे कुटं सांगायचं म्हणून गप बसलो.’’

इतका संताप आला मला. अख्खं घर मला सांभाळून घेत होतं आणि माझा माल बिघडत होता. पण संतापाच्या खाली दुसरंच काही होतं. जी जीभ मी मोठ्या मानानं मिरवली, ती आता माझ्या उपयोगाची राहिली नव्हती. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथं थोडा वेळ रडले.

संध्याकाळी मालकांनी भीतभीत सुचवलं. ‘‘महिनाभर पयल्यासारकं खा. जीभ वळणावर येईल. गड्डा झाला की परत पथ्य धर. एका महिन्यानं काय हुतंय?’’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. आणि खरं सांगते, माझ्याही मनात ते त्यांच्या आधी येऊन गेलं होतं. एवढं मोठं दुकान, एवढ्या वर्षांची चव.

दुसऱ्या दिवशी अक्काचं डायलिसिस होतं. मी तिच्याजवळ बसले. आकडा सांगितला, आणि मग चटणीची रामकहाणी सांगितली. अक्काला पाणी मोजून प्यावं लागतं. तिनं बर्फाचा एक खडा गालात धरला होता, तो विरघळेपर्यंत ती बोलली नाही.

‘‘आय बी अशीच चाखून करायची,’’ ती म्हणाली. ‘‘जीभ उसनी मिळती गं. घरात बस म्हटलं की बसंल अशी सून हाय तुझ्याकडं. किडनी उसनी मिळती का बघ. तू द्यायला निघालीस तर तुजीच फुटकी निघाली.’’

मी हसले. तीही हसली, आणि तिच्या हातातली नळी हलली म्हणून नर्स आमच्यावर ओरडली.

घरी आले ती ठरवूनच. दुकानदाराला फोन करून अळणी पाकिटं परत मागवली. त्याच्या कपाटात माझं पथ्याआधीचं एक जुनं पाकीट निघालं, तेही आणलं. घरात सुनेला बोलावून उखळापाशी बसवलं. ‘‘हे चाख,’’ मी म्हटलं, ‘‘आणि ह्याच्यासारकं करून दाव. मी बोलणार न्हाय.’’

न बोलणं हे मिठाच्या पथ्यापेक्षा अवघड निघालं. ती मिरची-लसूण कुटत होती, चिमटीनं मीठ टाकत होती, एकदा जुनं, एकदा नवं चाखत होती. मध्ये पाण्यानं चूळ भरत होती, हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला वाटलं आता बास, आणि तिनं आणखी टाकलं. मी पदराचा बोळा तोंडाला लावून बसले. पहिला घाणा तिनं स्वतःच बाजूला सारला. पुढच्याला ती थांबली आणि म्हणाली, ‘‘आई, हे तुमचं हाय.’’

मालकांनी चाखलं. या वेळी त्यांनी ‘बरी हाय’ म्हटलं नाही, भाकरी मागितली. मग आम्ही तेवढं मीठ काट्यावर तोललं, आणि तेव्हापासून आमच्या चटणीतलं मीठ तोलून पडतं आणि सून चाखते. नवी मिरची आली की तिखटाप्रमाणे थोडं इकडेतिकडे करावं लागतं, तेही तीच ठरवते. दुकानदार अजून गिऱ्हाइकाला ‘मावशींची चटणी’ म्हणून सांगतो. मी त्याला एकदा खरं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘चव तीच हाय की.’’ मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. सुनेला मिठातलं कळत नाही असं आता मी म्हणत नाही.

पुढच्या तपासणीला लघवीतली प्रथिनं कमी झालेली निघाली. दाब मॅडमना हवा होता तिथं आला होता. मी लगेच विचारलं, ‘‘मग आता घेता का माझी?’’ मॅडमनी चष्मा काढला. ‘‘नाही हो. ही गोळ्यांवर आणि पथ्यावर टिकली आहे. ती तुमचीच राहू द्या.’’ अक्काचं नाव किडनीच्या यादीत लागलंय, कुणाची तरी मिळेल तेव्हा मिळेल, एवढंच त्या सांगू शकल्या. मी परत विचारलं हे कळल्यावर अक्का चिडली आणि कन्नडमधून काय काय बोलली. फार राग आला की ती सासरच्या कन्नडवर जाते.

मागच्या आठवड्यात तिला फार त्रास झाला. डायलिसिस चालू असताना तिचाच दाब एकदम खाली गेला, पायाला गोळे आले, डोळे पांढरे झाले. नर्स धावली, डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. काचेतून मला नुसते तिचे पाय दिसत होते. पुष्कळ वेळानं आत सोडलं तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी जवळ जाऊन कपाळावर हात ठेवला. तिनं डोळे अर्धे उघडले. आवाज फुटत नव्हता, म्हणून मी कान खाली नेला.

‘‘तुझा किती?’’

त्या दिवशी तिच्या काळजीत आणि धावपळीत मी सकाळी मोजायचं विसरले होते. मी तसं सांगितलं. तिनं पडल्या पडल्या मान हलवली, नाही चालणार म्हणून. मग मी नर्सला म्हटलं, ताई, जरा माझ्या हाताला पट्टा बांधा. तिला काही कळेना, पण तिनं बांधला. आकडा चांगला आला. मी तो अक्काच्या कानात सांगितला आणि तिनं डोळे मिटले.

तिला माझी किडनी देता आली नाही. हा आकडा तेवढा देता येतो. तो मी तिला कधी खोटा सांगणार नाही, आणि वाईट सांगायची वेळ येऊ देणार नाही. उद्या तिची डायलिसिसची पाळी आहे. मी माझी रात्रीची भाजी आत्ताच मीठ पडायच्या आधी काढून ठेवली आहे.