रविवारचे दोन तास

भिवंडीतल्या आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारची. म्हणजे रविवारी सकाळी चर्चमध्ये भक्ती सुरू व्हायची, तेव्हा मी नारपोलीच्या शेडमध्ये कांड्या भरत असायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती, सूत गुंडाळलेली लाकडी नळी. ऐंशीनंतरची ती वर्षं. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, घरात कमावती मी एकटी. आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. रविवारी तर विचारूच नका.

कांड्या भरायच्या मशीनला दोन बाजू. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ताई. ती जवळच्याच गावची, बौद्ध घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवरा वारलेला, दोन लेकी पदरात. सकाळी ती जयभीम म्हणायची, मी आमच्या ख्रिस्ती रीतीनं सलाम म्हणायची, आणि मग आमचं भांडण सुरू. पंखा कुणाकडे, झाडू कुणी मारायचा, काहीही पुरायचं. एका रविवारी तिनं विचारलंच, "आज काय चावलंय गं तुला?"

"माझी भक्ती चुकते इथं!" मी फटकन म्हणाले.

"मग जा की. मी हाय ना. दोनी बाजू बघते."

इतकं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी मी दोन तास चर्चला जाऊन यायची. शेठ दुपारशिवाय फिरकत नसे. माग दुरुस्त करणारे नि आमच्यावर लक्ष ठेवणारे जॉबर म्हणजे उत्तरेकडचे एक म्हातारे चाचा. ते मी जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचे. ताईशी भांडणं थांबली नाहीत, पण आता भांडून झालं की आम्ही एकत्र चहा प्यायचो.

आमच्याकडे जाड आणि बारीक असं दोन प्रकारचं सूत यायचं. दोन्ही पांढरंच. घोटाळा नको म्हणून जाड सुताच्या कांडीला बुडाशी लाल पट्टा, बारीक सुताच्या कांडीला हिरवा. एका रविवारी मला गायनमंडळात गायचं होतं. उशीर झालेला. घाईघाईत मी हिरव्या कांड्यांवर जाड सूत भरलं, अख्खी पेटी भरून ठेवली, आणि पदर खोचून पळाले. देवाच्या घरी जायची घाई ना!

बुधवारी शेठनं कापडाचा तागा दारात उलगडला. उन्हात आडवे जाड पट्टे लख्ख दिसत होते.

"हे रविवारी सकाळच्या कांड्यांचं कापड. तेव्हा मशीनवर कोण होतं?"

"ताई थी," चाचा हळूच म्हणाले. ते खोटं बोलले नव्हते. ती पेटी कुणी भरली हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि ताईलाही होतं.

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ तिला म्हणाला.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. पण मग माझं चर्चही गेलं असतं आणि नोकरीही, म्हणून ती गप्प राहिली. आणि मी? एरवी माझी जीभ तोंडात राहत नाही, ती त्या दिवशी टाळूला चिकटली. ताईनं डबा उचलला आणि गेली.

मी मनाची समजूत घातली, भिवंडीत कारखान्यांना काय तोटा, मिळेल तिला काम. पण शुक्रवारी बाजारात कळलं, दोन शेडवाल्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. पट्टे पाडणारी बाई म्हणून तिचं नाव आधीच पोचलं होतं.

रविवारी आमच्यात प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याआधी शनिवारी संध्याकाळी तयारीची भक्ती असते. पाळकसाहेब दर वेळी सांगतात, कुणाचं मन दुखवलं असेल तर आधी जाऊन मिटवा, मग या. मी आपली जावेला "झालं गेलं विसर" म्हणून मोकळी व्हायची. त्या दिवशी मला मान वर करता येईना. लाज वाटत होती, खरीखुरी.

रविवारी ड्युटीच्या आधी मी ताईच्या घरी गेले आणि रडत माफी मागितली.

"हितं कशाला मागतंस?" ती उसळली. "हितं मला कोन चोर म्हनलाय? जिथं माझं नाव घालवलंस तिथं बोल. दुपारी शेठ येल तवा मी येतंय. बघू तुझी जीभ हलते का."

त्या दिवशी मी चर्चला गेले नाही. तिकडे प्रभुभोजन होऊनही गेलं असेल, मी कांड्या भरत होते.

शेठ आला. दारात ताई उभी राहिली. मी म्हणाले, "चूक माझी आहे." मागांच्या खडखडाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. मी ओरडले. तेही नाही. शेवटी चाचांनी मेन स्विच पाडला आणि सगळे माग थांबले. त्या शांततेत मी सगळं सांगितलं. पेटी, घाई, दर रविवारचं जाणं.

"भक्तीला जातेस आणि आपली चूक दुसरीवर ढकलतेस?" शेठ म्हणाला. खरंच होतं. "ताई, तू उद्यापासून ये. आणि तू चालती हो."

तेवढ्यात चाचा म्हणाले, "शेठ, जो अपने मुँह से अपनी गलती बोली, उसी को निकालोगे तो कल से यहाँ सच कौन बोलेगा?"

शेठ चाचांकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "राहा. पण रविवारचं जाणं बंद."

महिनाभर ताई माझ्याशी बोलली नाही. मशीनच्या पलीकडून फक्त "सुताचा कोन दे", "पेटी सरकव". एकदा न राहवून म्हणाली, "चुकलंस त्याचा राग न्हाय. चार दिस गप बसलंस त्याचा हाय." मी ऐकून घेतलं. उलट उत्तर न देण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी शेठ आला, तर ताई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "शेठ, उद्या हिला दोन तास सोडा. दोनी बाजू मी बघते. काय झालं तर मला इचारा."

ज्या बाईची रोजी माझ्यामुळे गेली होती, ती माझ्यासाठी सगळ्यांदेखत जबाबदारी घेत होती. शेठ चक्रावला. "तुला हिचा भरवसा वाटतो?"

"मानसाचा वाटतो," ताई म्हणाली, "घाईचा न्हाय." आणि माझ्याकडे वळून डाफरली, "उद्या घरूनच जा तिकडं. जायच्या आधी हितं येऊन एकपन कांडी भरलीस तर बघ!"