तीन बोटं

"झोपू नगं, गड्या." दुपारी जेवणानंतर आमच्यापैकी कुणाची मान कलली की तो उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी खांदा टोचायचा. "पगार काय झोपंचा हाय व्हय?"

सांगलीतल्या एका लहानशा प्रकाशनात मी मुलांसाठी चित्रकथा काढायचो. तो तिथे शिपाई होता. म्हसवडकडचा, फौजेतून आलेला.

झोपू न देण्याचं कारण त्याने एकदाच सांगितलं. बर्फातल्या चौकीवर तो आणि फलटणचा एक जोडीदार वादळात अडकले. "त्याला सारका हलवत हुतो, झोपू नगं म्हणत. मग माझाच डोळा लागला. उठलो तवा त्यो गार." बोटंही तिथेच गेली. आमचा प्रत्येक अंक तो फलटणला जोडीदाराच्या मुलीला टपालाने पाठवायचा. "लय वाचती पोरगी."

मला एका अंकासाठी खलनायक हवा होता. मी बर्फाचा माणूस काढला, गोठण्या. उजव्या हाताला दोनच बोटं. त्या बोटांनी शिवलं की माणूस जागीच गोठतो, आणि गोठण्या हळूच म्हणतो, "झोप, गड्या." तुमच्यापैकी कुणी तो अंक वाचला असेल तर हे वाक्य आठवत असेल. त्यासाठी मला कौतुकाची पत्रं आली. ते वाक्य माझं नव्हतं. मी ते उलटं केलं होतं.

अंक घेऊन शिपाई माझ्या टेबलापाशी आला.

"आवं साहेब, ह्यो हात माझा हाय न्हवं?"

"गोष्ट आहे हो ती."

"व्हय. पन मी त्याला झोप कवा म्हणलो? पोरीला माझा हात ठावा हाय. तिनं वाचलं तर?"

"पुढच्या अंकात बदलतो."

बदललं नाही. गोठण्या मुलांना आवडला होता. पुढच्या अंकात मी त्याला मुखपृष्ठावर घेतलं, त्याच हातासकट. ते पाहून शिपायाने माझा चहा टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मीही कधी चौकशी केली नाही.

गेल्या महिन्यात तो वारल्याचं कळलं, तेव्हा म्हसवडला गेलो. त्याच्या बायकोने एक पाकीट हातात दिलं. "तुमचंच पुस्तक हाय. न्या."

पाकिटावर फलटणचा पत्ता, तिकीट लावलेलं, तोंड उघडंच. आत तो पहिला अंक. पानापानावर गोठण्याच्या हाताला निळ्या पेनाने वेडीवाकडी तीन बोटं जोडली होती.

शेवटच्या चित्रात दोनच जोडून झाली आहेत. तिसरं मला सहज काढता येईल. रोज पेन घेऊन बसतो.