खांदा बसवणारा

हे सांगायचं मी आजवर टाळलं.

आमच्या श्रीगोंद्याकडे निखळलेले खांदे बसवणारा एक जण होता. कुणी आलं की आधी तो त्याच्या सासुरवाडीची टिंगल करायचा. माणूस भांडण्याच्या नादात अंग सैल सोडायचा आणि तेवढ्यात सांधा जागेवर बसायचा. मोडलेल्या हाडाला मात्र तो हात लावत नसे.

माझी बायको उसाच्या ट्रॉलीवरून पडली आणि तिचा खांदा निखळला, तेव्हा त्याने तिचा दंड हलकेच चाचपला. म्हणाला, "आबा, हितं हाड बी मोडलंय. आदी दवाखान्यात नेऊन फोटो काढा. मी वढनार न्हाई."

ऊसतोडीची टोळी कशीबशी मिळाली होती. दवाखान्यात दिवस मोडला असता, तर ती दुसरीकडे गेली असती आणि ऊस वाळला असता. मी दरडावलं, "तिला सवयच हाय वरडायची. वढा तुमी!"

सासुरवाडीचा विषय न काढताच त्याने ओढलं. मोडक्या हाडाने दंडातली शीर दुखावली आणि बायकोचं मनगट कायमचं लुळं पडलं.

गावाने त्याला नावं ठेवली, तेव्हा मीही मान डोलावली. त्याच्याकडे कुणी जाईनासं झालं. तरी मरेपर्यंत तो वाटेत भेटला की विचारायचा, "वैनीचा हात कसा हाय?"

"दादा, वढायला मीच लावलं. चुकलं माझं," एवढंच मला म्हणायचं असायचं.

मी म्हणायचो, "बरा हाय."