कुणी राहिलं आहे का?

आठ वर्षं मी एकही रविवार न चुकवता चर्चला गेले आणि त्या आठ वर्षांत एकदाही मनापासून प्रार्थना केली नाही, हे आधी कबूल करून टाकते. गीतं म्हटली, शास्त्रवाचनाला उभी राहिले, डोळे मिटायचे तेव्हा मिटले. आत मात्र सगळा शुकशुकाट. देव आहे की नाही असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आहे, पण माझ्याशी बोलत नाही, असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्याशी बोलत नव्हते. अबोला धरण्यात आमच्या घरातले सगळेच पटाईत.

मी कोल्हापुरातच जन्मले, इथंच एका प्राथमिक शाळेत सारी नोकरी केली आणि इथूनच निवृत्त झाले. आई लवकर गेली. थोरली बहीण, तिला मी ताई म्हणते, लग्न होऊन पुण्याला गेली. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, आणि मी बाबांजवळ राहिले. बाबा चर्चच्या मंडळीचे पंच होते, शिस्तीचे. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. प्रभू येशूनं आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण. भाकरीचा लहानसा तुकडा आणि बोटभर पेल्यात द्राक्षरस. त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून विचारायचे, "कुणाशी काही बाकी राहिलंय का?" रिबिनीवरून झालेलं भांडणही तिथल्या तिथं मिटवावं लागे. "आधी समेट, मग प्रभूचं मेज," हा त्यांचा नियम. मनात अढी ठेवून त्या मेजाजवळ जायचं नाही, हे आम्ही दोघी पाढ्यांच्याही आधी शिकलो.

बाबा गेले त्या दिवशी माझ्या शाळेत वार्षिक परीक्षा होती. पेपर माझ्या ताब्यात होते. सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय गं. पित्त असेल." मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना पित्ताची गोळी दिली, उशी नीट केली, आणि म्हटलं, "दुपारी आले की आपण डॉक्टरांकडे जाऊ." ते "बरं" म्हणाले. अकराच्या सुमारास शेजारणीचा शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्या सकाळचं ते वाक्य मी कुणालाही सांगितलं नाही. रात्री झोपेत गेले असते तरी काय करणार होतीस, असं लोक म्हणत होते आणि मी मान हलवत होते. काही दिवसांनी बाबांची स्मरण उपासना झाली. माणसं पांगली. मागच्या खोलीत आम्ही दोघी बहिणी कप विसळत होतो. ताई एकदम थांबली आणि म्हणाली, "तुला शाळा महत्त्वाची होती." एवढंच. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. हातातला कप पुसून तिनं पालथा घातला. तिसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली, आणि त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी तिचा नंबर फोनमधून काढून टाकला. पाठ होता, तो भाग वेगळा.

सगळ्यांनी माझी समजूत घातली. चर्चचे पाळकसाहेब, शाळेतल्या बाई, आत्या, सगळे एकच सांगायचे: तुझं काही चुकलं नाही, देवाची इच्छा. ते ऐकलं की मला अधिकच एकटं वाटायचं, कारण त्यांना ती सकाळ माहीत नव्हती. ताईलाही माहीत नव्हती, पण तिनं अंधारात मारलेला दगड नेमका लागला होता. तिचा मला राग होता तो तिनं खोटा आळ घेतला म्हणून नव्हे. ती खरं बोलली असावी, ही भीती होती. माणूस खोट्याला उत्तर देऊ शकतो. खऱ्याला काय देणार?

मग पुढच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं तबक माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी काही न घेता ते शेजारणीच्या हातात दिलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. हळूहळू मी मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. लोकांनी ओळखलं, कुणी विचारलं नाही. उपासना संपली की चर्चच्या अंगणात कुटुंबंच्या कुटुंबं उभी राहून बोलत असतात, आणि मी चपला पायात सरकवून फाटकाबाहेर. कोल्हापुरात रविवारी दुपारी गल्लीगल्लीतून रश्श्याचा वास सुटतो. मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहून पावशेर मागायला मला लाज वाटायची. एकदा मागितलंसुद्धा, तर दुकानदार म्हणाला, "पावशेरात काय हुतंय बाई? घरात कोण न्हाई व्हय?" त्यानं सहज विचारलं होतं. पण त्यानंतर मी रविवारी खिचडी टाकायला लागले. घरात आवाज असावा म्हणून रेडिओ लावून ठेवायचा आणि तो ऐकायचा नाही, अशी माझी दुपार.

तर गेल्या उन्हाळ्यात, अशाच एका पहिल्या रविवारी, मी माझ्या मागच्या बाकावर बसले होते. उपासना सुरू झाल्यावर दारातून एक म्हातारी डोकावली. नऊवारी लुगडं, हातात स्टीलचा डबा. आत यावं की नको अशी उभी होती. मी सरकून जागा दिली तर ती खुशाल येऊन बसली आणि बसल्याबसल्या मला माहिती पुरवली. ती हुपरीची. घरी बसून पैंजणांना घुंगरं लावायचं काम करते. सून जवळच्या दवाखान्यात बाळंत झालीय, नातीला बघायला आलीय, पण अकरापर्यंत आत सोडत नाहीत. बाहेर ऊन. "गाणं ऐकू आलं म्हणून आलो. चालतंय न्हवं?" मी म्हटलं, चालतं. हळू बोला असंही म्हटलं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

प्रभुभोजनाची वेळ झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मंडळीतले एक गृहस्थ तुकड्यांचं आणि पेल्यांचं तबक घेऊन बाकाबाकातून फिरू लागले. आमच्याकडे हातात आलं की लगेच खायचं नसतं. सगळ्यांना मिळेपर्यंत थांबायचं, मग सगळ्यांनी एकदम घ्यायचं. तबक माझ्याकडे आलं. मी नेहमीसारखं ते पुढं सरकवलं. म्हातारीनं त्याला हात जोडले, "आमी पावणं," असं पुटपुटली आणि पुढं दिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी ओ?" मी गीतांचं पुस्तक चाळू लागले.

तबक मेजावर परत गेलं. पाळकसाहेबांनी दर महिन्याला विचारतात तसं विचारलं, "कुणी राहिलं आहे का?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्याला कुणी उत्तर देत नाही. एक क्षण थांबायचं आणि पुढं जायचं, अशी पद्धत.

"हाय की!" माझ्या शेजारून आवाज आला. "ह्या बाई ऱ्हायल्यात! ह्यास्नी मिळालंच न्हाई!"

सगळं चर्च मागं वळलं. मला वाटलं, बाकाखाली शिरावं. मी तिचा हात दाबला, पण तिला वाटलं मी भिडस्त आहे. ती उभीच राहिली आणि बोट करून दाखवू लागली. तिच्या दृष्टीनं साधी गोष्ट होती. पंगतीत एक पान रिकामं आहे आणि वाढपी पुढं निघून गेलाय. मी इतकी वर्षं घेत नाही, हे पाळकसाहेबांना माहीत होतं. ते काही बोलून वेळ मारून नेऊ शकले असते. पण ते थांबले. ते गृहस्थ तबक घेऊन पुन्हा सगळी वाट चालत मागं आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. हातात तुकडा धरून सगळी मंडळी माझ्यासाठी थांबली होती. कुणी खाल्लं नव्हतं.

मी घेतलं. श्रद्धेनं घेतलं असं म्हणवत नाही. लाजेनं घेतलं. पेला ओठांना लावताना थोडा रस पदरावर सांडला. आणि मग मला रडू फुटलं. बाबांच्या अंत्यविधीलाही मी तशी रडले नव्हते.

उपासना संपल्यावर मी पायरीवर बसून राहिले. म्हातारी डबा घेऊन माझ्या शेजारी टेकली. तिला अकराची घाई होती, तरी बसली. "का नको म्हणत हुतासा?" तिनं विचारलं. आणि आठ वर्षांत जे माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते मी त्या परक्या बाईला सांगितलं. छातीतलं जडपण, घड्याळ, पित्ताची गोळी, सगळं. मी वाट बघत होते, आता हीही म्हणणार की तुमचं काही चुकलं नाही.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चुकलं की ओ बाई तुमचं."

डोळे पुसता पुसता मी मान वर केली.

"दवाखान्यात न्यायला पायजे हुतं तवाच. चुकलं. मग? चुकलं म्हणून बापानं लेकीला टाकली असती व्हय?" ती उठली, लुगडं झटकलं. "तुमी बापाला इचारलंच न्हाईसा. सवताच ठरवून बसलासा." आणि अकरा वाजले म्हणून ती दवाखान्याकडे चालू लागली. मी नावही विचारलं नाही. ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते लक्षात आलं.

मी तिथंच बसून होते. अंगण रिकामं झालं. हळूहळू मला उमगलं की इतकी वर्षं मला सगळ्यांनी निर्दोष ठरवलं होतं, आणि म्हणून मला क्षमा कुणाकडूनच मिळाली नव्हती. मी कुणाला ती मागितलीच नव्हती. देवालासुद्धा नाही. मी तिथं पायरीवर बसून, डोळे उघडे ठेवून म्हटलं, "प्रभू, माझं चुकलं." एवढी एकच ओळ. ती माझी आठ वर्षांतली पहिली प्रार्थना. आभाळातून काही आवाज आला नाही, पण छातीतलं काहीतरी सैल झालं, आणि आता आपल्याला काय करायचंय ते मला कळलं.

घरी जाऊन पदर न बदलताच मी पुण्याचा नंबर लावला.

"ताई, मी बोलतेय."

"कळलं. बोल."

मी एका दमात सांगून टाकलं. बाबा त्या सकाळी काय म्हणाले, मी काय केलं. "मी तेव्हाच न्यायला हवं होतं. माझं चुकलं, ताई."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं गं. मी नुसतं बोलले होते. मी स्वतः वर्षातून दोनदा यायचे, ते मला खात होतं. कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. तुला एक सांगू? मी इथं प्रभुभोजन घेत नाही. तबक आलं की पुढं देते. बाबांनी काय शिकवलंय, तुला ठाऊक आहे."

"किती दिवस?"

"तुला काय वाटतं, किती दिवस?"

मला हसू आलं, रडूही आलं. एका बापाच्या दोन मुली, दोन गावांत, दर पहिल्या रविवारी तेच तबक पुढं सरकवत बसल्या होत्या. दोघींनाही वाटत होतं की आपण बाबांचा नियम पाळतोय. नियमातला समेट मात्र कुणीच केला नाही.

त्या फोननं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. ताईचं नि माझं बोलणं अजून अवघडतं. दुपारी घरात मी एकटीच असते, आणि बाबा परत आलेले नाहीत. कधी सकाळी चहा घेताना घड्याळाकडे लक्ष जातं आणि ती सकाळ पुन्हा समोर येते. पण आता मी त्या वेळी गप्प बसत नाही, ज्याला सांगायचं त्याला सांगते. मी स्वतःला धुऊनपुसून, सगळी घडी बसवून मग देवाकडे जाणार होते. ते माझ्यानं कधीच झालं नसतं. तो माझ्यासाठी थांबलाय, एवढं खरं मानून हात पुढं केला, तेवढंच माझं काम होतं, आणि तेही मला एका परक्या बाईनं ओरडून करायला लावलं. तिच्यासाठी मी रोज देवाचे आभार मानते. तिच्या नातीसाठीही प्रार्थना करते.

आता दर पहिल्या रविवारी उपासना संपून मी अंगणात येते तोच फोन वाजतो. ताई कशी आहेस वगैरे काही विचारत नाही.

"घेतलंस?"

"घेतलं. तू?"

"घेतलं," ती म्हणते, आणि फोन ठेवते.