कडीकाका आणि बाईंचं दार

संसदेच्या दारावर एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने कोण हाक मारणार? सगळे त्यांना कडीकाकाच म्हणत. मतदान पुकारलं की तीन मिनिटं घंटा वाजते. खासदार कँटीनमधून, ग्रंथालयातून, मिळेल तिथून धापा टाकत येतात. घंटा थांबली की कडीकाकांनी दार ओढायचं आणि कडी घालायची. मग बाहेर खुद्द पंतप्रधान का उभे असेनात, मतमोजणी होईपर्यंत आत प्रवेश नाही. काम एवढंच, पण कडीकाका ते असं करत की जणू देश त्या कडीलाच टांगलेला आहे.

एका माणसासाठी मात्र ते ढिले पडत. ग्रंथालयाकडून काठी टेकत येणाऱ्या, सरकारी पक्षाच्या एक म्हाताऱ्या खासदार होत्या, पूर्वीच्या शाळामास्तरीण. सगळे त्यांना बाई म्हणत. गुडघे पार गेलेले, पण मत चुकवायच्या नाहीत. हे सभागृह निवडून आल्यापासून कडीकाका त्यांच्यासाठी दार एक श्वासभर जास्त उघडं ठेवत. सरकारकडे तेव्हा चाळीस मतं जास्त होती, कुणाचं काय बिघडत होतं? आत शिरताना बाई म्हणायच्या, "बाळा, वाचवलंस रे." पंचावन्न वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणारं जगात उरतं कोण! कडीकाकांचा दिवस त्यावर जायचा.

पण चौथं वर्ष लागेपर्यंत त्या चाळिसांची वाट लागली. एक मित्रपक्ष रुसून गेला, दोघे वारले, बाकीच्यांना अचानक आपली तत्त्वं आठवली आणि ते पलीकडच्या बाकांवर जाऊन बसले. अशा लोकांना तत्त्वं बरोबर अशाच वेळी आठवतात!

कडीकाकांना एरवी सगळी सरकारं सारखीच. या वेळी मात्र घरचं घोडं अडलं होतं. त्यांची बायको इस्पितळात एकोणीस वर्षं फरशी पुसत होती, तीही कंत्राटावर. ठेकेदार बदलला की ही पुन्हा नवी, पुन्हा पहिल्यापासून. अशांना कायम करण्याचं विधेयक गुरुवारी मंजूर व्हायचं होतं. हातातोंडाशी आलेला घास! आणि मंगळवारी सरकारवर अविश्वास ठराव आला. सरकार पडलं तर सभागृह बरखास्त होणार, आणि त्याबरोबर अर्धवट राहिलेली सगळी विधेयकं केरात.

सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली, "आज सगळं नीट पार पडू दे हो."

"माझ्या हातात काय आहे त्यात?" असं म्हणून कडीकाका बाहेर पडले.

दुपारी घंटा सुरू झाली. एक मिनिट झालं, दोन झाली. सरकारी पक्षाचा एक जण दारातून डोकं काढून ओरडला, "बाई कुठं आहेत? काका, बाई दिसल्या का?" आणि पुन्हा आत पळाला. लांब व्हरांड्याच्या टोकाला अखेर काठी दिसली. बाई नेहमीच्याच चालीने येत होत्या.

घंटा थांबली. बाई सहा पावलांवर होत्या.

कडीकाकांकडे त्या क्षणी कुणाचंही लक्ष नव्हतं. एक श्वास थांबायचं, बस. शंभरदा थांबले होते. पण आजवर तो श्वास फुकटचा होता, आज त्यात त्यांच्या घरचा वाटा होता. आपल्या बायकोच्या नोकरीसाठी संसदेचं दार धरून ठेवायचं? त्यांना भीती वाटली, स्वतःचीच. त्यांनी दार ओढलं आणि कडी घातली. बाहेरून काठीने दोनदा ठोठावल्याचा आवाज आला.

एका मताने सरकार पडलं. बाई आत असत्या तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत अध्यक्षांचं मत सरकारलाच मिळणार होतं.

दार उघडलं तेव्हा बाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. कडीकाकांनी कसंबसं विचारलं, "बाई, घंटा ऐकू आली नाही का?"

"आली की. सुरू झाली तेव्हाच आली." बाई चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. "हातातलं पान वाचून संपवलं आणि मग उठले. म्हटलं, दारावर तू आहेस."

संध्याकाळी घरी त्यांनी काहीही न लपवता बायकोला सगळं सांगितलं. कडीकाका बोलणी खायच्या तयारीने बसले होते.

"म्हणजे आजचं चुकलं नाही तुमचं," ती म्हणाली. "चुकत होतं ते रोजचं."

त्यांनी मान हलवली.

"आणि तुम्ही घरी येऊन सांगायचात ना, आज बाईंसाठी दार धरलं म्हणून," ती उठत म्हणाली, "तेव्हा मला किती बरं वाटायचं."

तेव्हा कुठे कडीकाकांना रडू फुटलं.