इरप्पा पेंटरांचा पैलवान

माणसाचं चित्र डोक्यापासून काढायला घेतात, अशी माझी समजूत होती. इरप्पा पेंटर पायांपासून घ्यायचे. तळवे, पोटऱ्या, मांड्या, मग छाती, दंड आणि सगळ्यात शेवटी डोळे. "आदी हुबा तर ऱ्हाऊ द्या. नाव मागनं इचारा की," म्हणायचे.

सोलापुरात मूकपट तंबूत दाखवत, त्या काळी मी अशाच एका तंबूचा मॅनेजर होतो. दारावरचा बोर्ड रंगवायला वळसंगहून इरप्पा यायचे. त्यांचं घर त्याच कामावर चालायचं. उभी हयात तालमींच्या भिंतींवर मारुती काढण्यात गेलेली, त्यामुळे आमच्या पडद्यावरचा कुठलाही नायक त्यांच्या हातून पैलवान होऊनच बाहेर पडे. रंग कालवताना ते स्वतःशीच कन्नड-मराठी मिसळून बोलत. त्यातलं निम्मं मला कळत नसे आणि उरलेलं पटत नसे.

एकदा बैलगाडी डोक्यावर उचलणाऱ्या वीराचा खेळ आला. सोबत आलेल्या फोटोतला नट विजार घातलेला आणि अगदीच काडीपैलवान. इरप्पांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "ह्यो गाडी उचलतोय, का गाडी ह्याला?" मग सवयीने बोर्डाला शेंदरी हात दिला, त्यावर पायांपासून दंडांपर्यंत सगळं रेखलं, चेहऱ्याचा नुसता गोल काढला आणि बोर्ड वाळायला दाराशी ठेवून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी येऊन बघतो तर बोर्डावरून तेल ओघळतंय, रुईच्या पानांची माळ लटकतेय आणि विणकरांच्या आळीतली एक म्हातारी डोळे मिटून तेलुगूत काहीतरी पुटपुटतेय. तिच्यामागे आणखी बाया उभ्या. मी म्हटलं, "आजी, हा सिनेमा आहे." तिने माझ्या हातावर खोबरं ठेवलं. ते खावं की परत द्यावं, या विचारात मी बराच वेळ तसाच उभा.

इरप्पा आले, तेही गांगरले. तेवढ्यात मालक उगवले. "संध्याकाळच्या आत ह्याला विजार चढव आणि फोटोतलं तोंड लाव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," असं इरप्पांना बजावून ते तंबूत गेले.

इरप्पांनी ब्रश उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"इरप्पा, हा मारुती नाही, हे तुम्हाला तर ठाऊक आहे ना?" मी विचारलं.

"मला ठावं हाय की. तिला कुटं ठावं हाय? तिचं त्येच्याकडं मागणं मागून झालंय. आता ह्येला विजार घालून तिला काय सांगू?"

"मग हा आहे तरी कोण?"

"त्येच मला बी कळंना झालंय, म्यानेजर."

मला त्यांचा भयंकर राग आला. स्वतःच्याच पोटावर असा पाय आणतात का कुणी? आणि गंमत म्हणजे, त्यांनी विजार रंगवू नये असंही मला त्याच वेळी मनापासून वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी शेपूट रंगवलं, गदा दिली, स्टुलावर चढून सावकाश डोळे रेखले. रंगाचे डबे पिशवीत भरले. ती आमची शेवटची भेट. जाता जाता ते वळले आणि स्वतःच काढलेल्या त्या चित्राला त्यांनी हात जोडले. मालक तंबूच्या दारातून बघत होते. मला काय करावं ते सुचेना. मीही जोडले.