मुकादमाच्या भूमिकेत सांग-दल

बूट घालण्याआधी सांग-दल ते उलटे करून झटकायचा. गल्लीत शिरला की आधी कुत्र्याला हाक मारायचा, मग माणसांना. कॉफी ढवळायला चमच्याऐवजी कॉफीपुडीचंच रिकामं पाकीट वापरायचा. आणि कुणी नाव विचारलं की आधी बायकोकडे बघायचा.

ही शेवटची सवय नवी होती. त्याची बायको बुन-र्ये या सवयीला घाबरायची.

कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात त्याने सोळा वर्षं सूत ओढलं होतं. तिथल्या वायूने कामगारांच्या खिशातली नाणीसुद्धा काळी पडत. मग त्याची बोटं बधिर झाली, मग शब्द हरवू लागले. डॉक्टर म्हणाले, विषबाधा. कंपनी म्हणाली, दारू. आता सोमवारी कामगारांचे आजार तपासणाऱ्या समितीपुढे सुनावणी होती. आजार कामामुळे झालाय हे समितीने मान्य केलं तरच उपचार मिळणार होते.

आदल्याच दिवशी, रविवारी, चर्चच्या अंगणात कामगारांचं नाटक होतं. ते हे-इनने लिहिलं होतं. साहित्यात नुकतीच पदवी घेतलेली ही मुलगी त्यांच्याकडे भाड्याने राहायची. नाटकात सांग-दलला स्वतःचीच भूमिका होती, तीन वाक्यांची. प्रत्येक तालमीला तो पहिल्या वाक्यानंतर अडायचा.

एकदा मुकादमाचं काम करणारा आला नाही. सांग-दलने सहज टोपी डोक्यावर चढवली.

"वास येतो म्हणे! नाक घरी ठेवून यायचं, गाढवांनो! सूत तुटलं तर कोण सांधणार, तुमचा सासरा?"

थांबेचना. स्वतःच्या मुलीचं नाव विसरणारा माणूस, पण मुकादमाची एक शिवी विसरला नव्हता. हे-इन हसली. मुकादमाची भूमिका त्यालाच मिळाली.

"कंपनीचं कुणी बघायला आलं तर?" बुन-र्येने तिला विचारलं.

"काकू, शेवटी ते टोपी काढून स्वतःबद्दल बोलतात. तेव्हा लोकांना कळेलच."

"लोकांना कळून काय करू? समितीला कळायला हवं."

रविवारी सकाळी तिने नवऱ्याची बटणं लावली. "अहो, मधे दोनदा अडखळा. ऐकताय ना? नेहमी अडखळता तसं."

"नेहमीचं जमतं गं," तो म्हणाला. "मुद्दाम कसं करायचं?"

दुपारी, नाटक नीट पार पडावं म्हणून, रिवाजाप्रमाणे डुकराचं मुंडकं मांडून सगळ्यांनी नमस्कार केला. मग प्रेक्षक चटयांवर गोल बसले. तिसऱ्या रांगेत कंपनीच्या कार्यालयातले कुकसाहेब होते, मांडीवर वही. मागच्या महिन्यात नासपतीची पेटी घेऊन हेच घरी आले होते. आता बरं आहे ना, असं तीनदा विचारून गेले होते.

अंगणातल्या नाटकात प्रेक्षक गप्प बसत नाहीत. एक म्हातारी ओरडली, "ए मुकादमा, तुझी जीभ कुत्र्याने कशी नेली नाही अजून?"

सांग-दल गर्रकन वळला. "आला होता आजी. तुझी लांबलचक बघून तिकडेच गेला."

अंगण हसून लोळलं. हे संहितेत नव्हतं. कुकसाहेबांची पेन्सिल भराभर चालू लागली.

बुन-र्ये खोकली. त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला आठवलं असावं, कारण त्याने ओठ घट्ट मिटले आणि तो तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, अभिनय. ढोलकीवाल्याने एक थाप मारली आणि पुढची शिवी आपोआप बाहेर पडली.

कुकसाहेब उठले, पॅंट झटकली, बूट घालायला लागले. ती धावत फाटकापाशी गेली.

"छान काम करतात हो," ते म्हणाले. "अगदी तरतरीत."

"थांबा ना साहेब. शेवट राहिलाय."

"माझी बस आहे."

तिने त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवली. तेवढ्यात पाठीमागचं अंगण शांत झालं. टोपी हातात घेऊन सांग-दल मधोमध उभा होता. "मी," तो म्हणाला, आणि गर्दीत तिला शोधत राहिला. ती फाटकाशी होती, पाठमोरी.

सोमवारी समितीपुढे ती वही वाचली गेली. इतकं तोंडपाठ बोलणाऱ्याची स्मृती गेली कशी मानायची, अध्यक्षांनी विचारलं. मग ते म्हणाले, आजार कसा झाला ते त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. मुदत एक महिना.

तो रोज सकाळी बुटक्या टेबलाशी बसायचा. हे-इन सांगायला गेली की हाताने कागद झाकायचा. "मला लिहायला सांगितलंय." एखाद्या दिवशी एकच शब्द व्हायचा. बुन-र्ये भांडी घासताना कान तिकडेच ठेवायची. पेन्सिल थांबली की तिचे हातही थांबायचे.

एकोणिसाव्या दिवशी तोंड धुताना तो कोसळला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेला.

कागद हे-इनने उचलला. अक्षरं वाकडी होती, पण खाडाखोड नव्हती.

"माझं नाव प्यो सांग-दल. मी सूत ओढायचो. यंत्राला काचेचं झाकण होतं. सूत तुटलं की झाकण वर करून डोकं आत घालावं लागे. झाकण वर केलं की"